इंग्रजी वाक्प्रचार आणि फ्रेजल व्हर्ब कसे शिकावेत : कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी

कोकण किनाऱ्यावर इंग्रजीची गरज आता परीक्षेपुरती राहिलेली नाही. मालवण-तारकर्लीला घरगुती निवास चालवणाऱ्यांना पाहुण्यांचे निरोप इंग्रजीत येतात, आणि रत्नागिरीचा मुलगा बोटीवर नोकरीला लागला की तिथले कामकाजही इंग्रजीतच चालते. यात अडचण होते ती सहसा मोठ्या शब्दांची नाही, कारण अवघड शब्द माणूस शब्दकोशात शोधतो. ‘पुट’, ‘कॉल’, ‘बॅक’, ‘टर्न’ हे लहानपणापासून ओळखीचे शब्द दुसऱ्या एखाद्या शब्दाला चिकटून भलताच अर्थ देऊ लागतात (क्रियापदाच्या अशा जोडीलाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात), तेव्हा मात्र नेमके काय शोधायचे हेच कळत नाही.

एक निरोप नमुन्यादाखल घेऊ. ‘आवर फ्रेंड्स हॅव बॅक्ड आउट, सो वुई विल हॅव टु कॉल ऑफ द बोट ट्रिप, बट कॅन यू पुट अस अप फॉर वन मोअर नाइट?’ यातल्या ‘कॉल’वरून कोणी फोनची वाट पाहत बसेल आणि होडीवाल्याला दिलेली वेळ तशीच राहील. वास्तविक ‘बॅक आउट’ म्हणजे ठरलेल्या गोष्टीतून माघार घेणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे आणि ‘पुट अप’ म्हणजे मुक्कामाची सोय करणे. मित्रांनी ऐन वेळी अंग काढून घेतले, त्यामुळे होडीची फेरी रद्द, पण आणखी एका रात्रीची सोय होईल का, एवढेच पाहुणे विचारत आहेत. याच ‘पुट अप’ला पुढे ‘विथ’ जोडला की अर्थ ‘निमूटपणे सहन करणे’ असा होतो. म्हणून ‘वुई हॅड टु पुट अप विथ द नॉइज’ असा अभिप्राय आला, तर ती गोंगाटाविषयीची तक्रार आहे हे लगेच ओळखता आले पाहिजे.

हा प्रकार मराठी माणसाला परका वाटण्याचे खरे तर काही कारण नाही. ‘तो रागाच्या भरात बोलून बसला’ या वाक्यात कोणीही बसलेले नसते, आणि ‘सगळे लाडू खाऊन टाकले’ यात काहीही टाकलेले नसते. ‘बसणे’ने पश्चात्तापाची छटा दिली आणि ‘टाकणे’ने क्रिया पुरती संपल्याचे सांगितले. आपण हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, तर इंग्रजी ते ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’ अशा छोट्या शब्दांकडून करून घेते. म्हणून या छोट्या शब्दांचा कल आधी ओळखावा. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांत ‘अप’ पूर्णता दाखवतो. ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’ यांत ‘ऑन’ म्हणजे क्रिया चालू राहणे. ‘सेट ऑफ’, ‘कट ऑफ’ यांत ‘ऑफ’ने सुटून दूर जाण्याचा भाव येतो. हा कल सगळीकडे लागू पडत नाही, परंतु नुसत्या पाठांतरापेक्षा त्याची मदत कितीतरी अधिक होते.

रचनेचा एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. ज्या फ्रेजल व्हर्बचे दोन भाग सुटे होऊ शकतात, त्यांत ‘इट’, ‘देम’, ‘अस’ अशी सर्वनामे मधेच येतात : ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, तर ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. याउलट ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, याचे भाग सुटत नाहीत, म्हणून तिथे ‘लुक आफ्टर देम’ असेच म्हणावे लागते. औपचारिक अर्जात ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ बरा दिसतो. बोलताना ‘पुट ऑफ’च सहज वाटते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या माणसाला एक मोठा फायदा आहे, आणि त्याचा उपयोग फारसा कोणी करून घेत नाही याची मला मनापासून खंत वाटते. इंग्रजीतले पुष्कळ वाक्प्रचार शिडाच्या जहाजांवरून आलेले आहेत. ‘टाइड ओव्हर’ हाच पाहा. वारा पडलेला असताना खलाशी अनुकूल प्रवाहाच्या जोरावर जहाज पुढे नेत आणि प्रवाह उलटला की नांगर टाकून पुढच्या अनुकूल प्रवाहाची वाट पाहत. त्यावरून अडचणीचा काळ कसाबसा निभावून नेणे, हा आजचा अर्थ आला. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत साठवलेल्या पैशांवर घर चालले, तर ‘द सेव्हिंग्ज टायडेड द फॅमिली ओव्हर’ हे वाक्य तिथे चपखल बसते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक डोक्यात घेऊन वावरणाऱ्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘टेकन अबॅक’ म्हणजे अवाक होणे. समोरून अचानक आलेल्या वाऱ्याने शिडे डोलकाठीवर उलटी दाबली गेली की जहाज जागीच खिळून राही. तीच अवस्था माणसाच्या मनाला लावली. ‘बॅटन डाउन द हॅचेस’ म्हणजे येणाऱ्या संकटापूर्वी बंदोबस्त करणे. वादळाआधी जहाजाच्या तळाकडे उतरणारी तोंडे ताडपत्रीने झाकून पट्ट्यांनी घट्ट केली जात, आणि पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकारताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला यामागची निकड पटकन उमगेल. ‘फॅदम’ हे क्रियापद, म्हणजे थांग लावणे, ज्या मापावरून आले ते पसरलेल्या दोन हातांचे सहा फुटी माप म्हणजे आपली वाव. ‘थ्री शीट्स टु द विंड’मध्ये मात्र ‘शीट’चा अर्थ चादर किंवा कागद असा घेऊ नये : जहाजावर शीट म्हणजे शीड ताणून धरणारा दोर, आणि असे तीन दोर सुटले की जहाज झोकांड्या खाते, म्हणून हा प्रयोग दारूच्या नशेत तर्र झालेल्या माणसाविषयी करतात.

अभ्यासासाठी सुट्या शब्दांच्या याद्या करण्याऐवजी आपल्या कामातली पूर्ण वाक्ये वहीत उतरवावीत. शेजारी अर्थ लिहावा, आणि त्याखाली आपल्या घरातल्या, बंदरावरच्या किंवा बागेतल्या प्रसंगावर स्वतःचे एक वाक्य रचावे. छापील शब्दकोशात फ्रेजल व्हर्ब बहुधा मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी दिलेले असतात, हे ठाऊक असले की शोधाशोध वाचते. फ्रेजल व्हर्ब पहिल्या दिवसापासून बोलण्यात आणावेत. वाक्प्रचार मात्र आधी ऐकून-वाचून समजू लागावेत आणि वापर सावकाश करावा, कारण पाठ केलेला जुनाट वाक्प्रचार बोलण्यात फार ठळकपणे खटकतो. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ हे आपल्याकडे शाळेत हमखास पाठ करून घेतात, पण रोजच्या इंग्रजी बोलण्यात ते आता क्वचितच ऐकू येते. आषाढात पाहुण्यांना फोनवर पावसाची कल्पना द्यायची असेल, तर ‘इट्स पोअरिंग डाउन’ म्हणावे, आणि सर थांबल्यावर ‘इट हॅज लेट अप’ असे कळवावे.