चिखल २०० मीटरचा, डांबर पुढचं सगळं: पिकअपचे टायर घेताना या चुका टाळा

आंब्याच्या शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या की आमच्या देवगडच्या बाजूला दोन कामं एकदम आठवतात. कौलं परतून घेणं आणि गाडीचे टायर बघणं. पहिलं काम कुणी चुकवत नाही. दुसरं बरेच जण करतात, पण चुकीचं करतात. मीही केलं होतं, म्हणून सुरुवात स्वतःपासून.

रस्त्यापासून आमच्या अंगणापर्यंतची वाट साधारण २०० मीटरची, कलमांच्या बागेतून, लाल मातीची. पावसाळ्यात पिकअप तिथे हमखास रुतायची. एका वर्षी वैतागून मी थेट चिखलाचे टायर बसवले. एमटी म्हणतात ते, हाताच्या मुठीएवढ्या गट्ट्यांचे. डांबरावर गाडी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घोंघावू लागली. शेजारी बसलेल्या काकांनी कणकवलीपर्यंत सहन केलं आणि मग विचारलं, "गाडी घेतलंस काय ट्रॅक्टर रे?" मी हसलो. वाटेतला चिखल मात्र गाडी लोण्यासारखा कापत होती, म्हणून खूष होतो.

जुलैत कोल्हापूरला चिरे टाकून रिकामी गाडी घेऊन फोंडा घाट उतरत होतो. पाऊस, धुकं, पुढे एसटी. वळणावर एसटीचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग स्वतःच्या मर्जीने दरीच्या बाजूला निघाला. पुढचं चाक डोंगराकडच्या गटारात बसलं म्हणून हे लिहायला उरलो. वेग चाळीसच्याही खाली होता. ब्रेक ठीक, टायर नवेकोरे. चूक टायर निवडण्यात होती.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: २०० मीटरसाठी टायर घेणं

कोकणात खरा शत्रू चिखल नाही, डांबरावरचं पाणी आहे. किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शिवाय पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, मासळीच्या गाड्यांतून चिकट पाणी सांडतं, आणि झाडांखालच्या रस्त्यावर शेवाळ धरतं. अशा ठिकाणी टायरला दोन कामं करावी लागतात: पाणी बाजूला सारायचं आणि उरलेल्या ओलसर थराला धरून ठेवायचं.

एमटी टायरचे गट्टे मोठे, मधल्या फटी रुंद. चिखलात चाक फिरलं की माती त्या फटींतून बाहेर फेकली जाते. तिथे तो राजा. पण डांबराला टेकणारं रबर त्यात कमी असतं, आणि गट्ट्यांवर ब्लेडने मारल्यासारखे जे बारीक काप असावे लागतात ते थोडेच असतात. ओल्या रस्त्यावर पकड देतात ते हेच काप. त्यात रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं. ओढणारी चाकं मागची, आणि त्यांच्यावरच वजन नाही. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर पावसाळ्यात रिकाम्या गाडीत मागच्या एक्सलच्या वर पंधरा-वीस चिरे ठेवतात. मला वाटायचं उतरवायचा कंटाळा. तसं नव्हतं. फक्त ते चिरे दोरीने आवळून ठेवा, नाहीतर ब्रेक मारल्यावर केबिनवर येतील.

मग घ्यायचं काय? रोजचा रस्ता डांबरी आणि थोडी कच्ची वाट असेल तर एटी, म्हणजे दोन्हीकडे चालणारा. त्यातही गट्ट्यांवर काप भरपूर असलेला. गाडी फक्त डांबरावर फिरत असेल तर साधा हायवेचा एचटी, त्याला तोड नाही. एमटी कुणी घ्यावा? चिरेखाणीवर दिवसभर आत-बाहेर करणाऱ्याने, तेही गाडी घाट चढत-उतरत नसेल तर.

मालवाहू गाड्यांचे मालक हे पूर्वीपासून जाणतात: पुढे उभ्या रेघांचा रिब, मागे आडव्या खाचांचा लग. पुढचा वळतो, मागचा ओढतो. पण एका एक्सलवर दोन्ही बाजूंना नक्षी, माप आणि झीज सारखीच हवी. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, माझ्या मते मागे ठीक, पुढे कधीच नको.

बर्फाचा शिक्का बघून भुलणं

गेल्या वर्षी पुतण्या मनालीला निघाला, तेही जानेवारीत. "काका, टायरवर एम+एस लिहिलंय, म्हणजे मड आणि स्नो. चालेल ना?" म्हणाला. त्याला समजावलं ते इथेही सांगतो.

एम+एस ही खूण बहुतेक नक्षीच्या ठेवणीवरून कंपनीच टाकते. त्यासाठी बर्फावर चाचणी व्हावीच लागते असं नाही. जिच्यामागे बर्फावरची चाचणी आहे ती खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. खऱ्या हिवाळी टायरचं रबरही वेगळं असतं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली नेहमीचं रबर कडक पडत जातं, हिवाळी रबर मऊ राहतं. त्यातली खरी मेख अशी की तेच मऊ रबर आपल्या मे महिन्यातल्या डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. म्हणजे हिवाळी टायर कोकणात आणून बसवणं हे पैसे जाळणं.

आणि भुसभुशीत बर्फ वेगळा, गोठलेला काचेसारखा थर वेगळा. भुसभुशीत बर्फात मोठे गट्टे थोडं काम करतात. काचेसारख्या थरावर एमटी जवळपास निकामी. तिथे बारीक काप आणि मऊ रबर लागतं, नाहीतर चाकाला साखळी. साखळी मोकळ्या डांबरावर आली की लगेच काढायची, नाहीतर टायर आणि रस्ता दोन्ही खराब. पुतण्याला म्हटलं, आहे तेच एटी टायर ठेव, साखळी तिथे भाड्याने घे, आणि बर्फाच्या पट्ट्यात तिथल्याच ड्रायव्हरच्या हाती चाक दे. त्याला हे शेवटचं फारसं आवडलं नाही.

मोठा टायर म्हणजे उंच गाडी?

२१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवायची हौस गावोगाव आहे. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा गालाची उंची, रुंदीच्या टक्क्यांत; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. गणित सोपं आहे. पहिल्याचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३४. फरक ३ सेंटीमीटरचा, आणि गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, दीड सेंटीमीटर. त्या दीड सेंटीमीटरसाठी वळताना टायर आतून घासतो, चढाला इंजिन दमतं, आणि काट्यावर ६० दिसतात तेव्हा गाडी खरं तर साडेबासष्टने जात असते.

दुकानात माझ्या मते दोनच आकडे नीट वाचावेत. एक मापाच्या शेजारचा भारांक. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०४ असेल तर ९००. पिकअपला मोटारीचा टायर दिसायला बसतो, पण चिरे भरल्यावर त्याचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, फुगतो. मालवाहू टायरवर एलटी लिहिलेलं असतं, तो घ्या. दुसरा आकडा टायरच्या गालावरच्या लंबगोलातला, चार अंकी. २४२३ म्हणजे २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यातला माल. मला एकदा "नवीन माल" म्हणून तीन वर्षं दुकानात पडलेला टायर मिळाला होता. नक्षी नवी, रबर शिळं. तेव्हापासून बसवण्याआधी मी खाली वाकून आकडा वाचतो, दुकानदाराने कितीही चहा मागवला तरी.

"अजून एक पावसाळा निघेल"

निघतो, पण कसा ते विचारू नका. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ती झिजेची खूण. कायद्याने चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. पण ती शेवटची हद्द आहे. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी पुरेसं बाहेर काढत नाही, आणि भरधाव गाडी पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते. मुंबई-गोवा महामार्गाच्या नव्या रुंद पट्ट्यांवर, जिथे पाणी साचतं, तिथे हे हमखास जाणवतं: स्टिअरिंग अचानक हलकं होतं. तेव्हा ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे बसवा. पुढे बसवायचा मोह होतो, पण मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

हवा: चिखलात कमी, पण कुणाची?

हवा कमी केली की टायर पसरतो आणि मऊ जमिनीवर तरतो, हे खरं. रिकाम्या गाडीची हवा ३२ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवली की रुतलेली गाडी पुष्कळदा निघते. पण भरलेल्या पिकअपची हवा उतरवली तर गाल आतून चिरडतो आणि पुढे कधीतरी महामार्गावर फुटतो. आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, म्हणून गाडीत छोटा पंप हवा. माल असताना मागच्या चाकांची हवा वेगळी असते. ती दाराच्या खांबावर लिहिलेली आहे, पंक्चरवाल्याला विचारू नका.

चाक जागच्या जागी फिरू लागलं की रेस वाढवू नका, खड्डाच खोल होतो. नारळाच्या झावळ्या किंवा गोणपाट चाकाच्या पुढे घाला. आणि समुद्राच्या वाळूत गाडी नेऊच नका. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि खारं पाणी लागलेली गाडी आतून कुजत राहते.

गाडी काय सांगते

नक्षी मधोमध झिजली असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड गेली तर अलाइनमेंट. सकाळी रोज एकाच चाकातली हवा बसते आणि पंक्चर मात्र सापडत नाही? टायर उतरवून रिम बघा. खाऱ्या हवेने तिची कड गंजलेली असते आणि हवा तिथूनच झिरपते. गंज घासून काढला, रंग मारला की बहुतेकदा काम होतं.

चिखलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं तर लगेच बॅलन्सिंगला पळू नका. रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. लाल मातीचं वाळलेलं ढेकूळ हाताला लागेल. मी एकदा त्यापायी बॅलन्सिंगचे पैसे भरले. काम करणाऱ्या पोराने ढेकूळ काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि काही बोलला नाही.

त्या २०० मीटरचं काय झालं? पुढच्या मे महिन्यात खाणीवरचा फुटक्या चिऱ्यांचा माल दोन फेऱ्यांत आणला, चाकांच्या दोन्ही पट्ट्यांत अंथरला आणि वरून गाडी फिरवून दाबला. एमटी टायर खाणीवाल्यानेच घेतले. त्याच्या ट्रेलरला अजून आहेत.