सूत्रकृमीचा घास बघायचा कसा

"मॅडम, कृमीला दात असतात का?" सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे बारीक कृमी, दाखवताना बारावीच्या प्रॅक्टिकलला हा प्रश्न दर वर्षी येतो. मी म्हणते, आधी बघा, मग बोलू.

कळंब्याकडं उसाच्या शेतात कुजणारं पाचट असतंच. त्याच्या तळची ओली काळी माती ओंजळभर आणा. नरसाळ्याला रबरी नळी लावून ती चिमट्यानं बंद करा. नरसाळ्यात पाणी भरा आणि मलमलीत बांधलेली माती त्यात बुडेल अशी ठेवा. कृमी वळवळत बाहेर पडतात, पण त्यांना वर पोहता येत नाही. सकाळी चिमटा सैल केला की चमचाभर पाण्यात ते मिळतात.

नुसत्या पाण्यात मात्र ते इतके फडफडतात की काहीच दिसत नाही. वाण्याकडचं चायना ग्रास 2 ग्रॅम, 100 मिली पाण्यात उकळा आणि काचपट्टीवर त्याचा पातळ थर द्या. तो पूर्ण गार होऊ द्या. पहिल्या वर्षी मी घाईनं गरम थरावरच कृमी सोडले. सगळे काडीसारखे ताठ झाले आणि मुलांचा अख्खा तास वाया गेला, त्याचं वाईट आजही वाटतं. थर गार झाला की त्यावर कृमी सोडा आणि पाचटाच्या गढूळ पाण्याचा थेंब टाका. त्यातले जिवाणू हाच त्यांचा खुराक. वरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, अलगद ठेवा, दाबू नका.

सूक्ष्मदर्शकाच्या 40च्या भिंगाखाली तोंडाकडून मागं सरका. तोंडात सुई दिसली तर तो कृमी जिवाणू खाणारा नव्हे, सोडून द्या, दुसरा शोधा. घशात दोन फुगवटे दिसतील, मागच्या फुगवट्यात दळायचं जातं असतं. दाणे दळावेत तसे जिवाणू तिथं भरडले जातात. दात म्हणायचे तर हेच.

आता पुढच्या फुगवट्याकडं नीट बघा. आपलं हृदय आवळलं की रक्त बाहेर पडतं, इथं उलट आहे. घशाचे स्नायू बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखे मधल्या पोकळीपासून बाहेर गेलेले असतात. ते आवळले की मिटलेली पोकळी तीन कोपऱ्यांनी उघडते आणि पाणी जिवाणूंसकट आत ओढलं जातं. सैल पडले की ती झटकन मिटते, पाणी तोंडातून परत जातं, जिवाणू आतच राहतात. उघडायला स्नायू आहेत, मिटवायला वेगळे नाहीत. पोकळीचं अस्तर आपलं आपण परत येतं.

प्रयोगशाळेतला लाडका सूत्रकृमी सी. एलेगन्स जेमतेम 1 मिलिमीटरचा, पण भरपूर खुराक असला की मिनिटाला 200च्या वर घोट घेतो. डोळ्यांनी मोजता येत नाही. मोबाईल आयपीसला टेकवून 10 सेकंद स्लो मोशनमध्ये चित्रण करा, जात्याची हालचाल मोजा आणि 6नं गुणा.