पुन्हा घराबाहेर पडताना: पास, बूट आणि राहून गेलेल्या भेटी

करोनाच्या निर्बंधांनंतर १५ ऑगस्ट २०२१ ला मुंबई लोकलचं दार आम्हा सामान्यांसाठी पुन्हा उघडलं, तेव्हा मी एका आठवड्यात सगळं उरकायचं ठरवलं होतं. सोमवारी ऑफिस, मंगळवारी दाताचा डॉक्टर, बुधवारी बँक, शनिवारी मामांकडे जेवण. बुधवारीच डोंबिवली स्टेशनच्या पुलावर माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. अख्खाच्या अख्खा. दीड वर्ष चपलांच्या कपाटात बसून त्याचा पार भुगा झाला होता. मी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात बुटाची वरची बाजू अशी घरी आले, आणि उरलेला आठवडा रद्द केला.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्री देश बंद झाला. बाहेर पडणं मात्र तुकड्यातुकड्यांनी झालं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकल, ४ ऑक्टोबरला शाळा, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या मुहूर्तावर देवळं, आणि २२ ऑक्टोबरला नाट्यगृहं आणि थिएटरं उघडायची ठरली. सरकार टप्प्याटप्प्याने गेलं, तर आपणही तसंच जाऊ या. आठवड्याला एक नवी गोष्ट पुरे. खाली लिहिलेला क्रम माझा आहे. तुमच्या घरच्या गरजेप्रमाणे तो बदला, पण दोन पायऱ्या एकदम चढू नका.

आधी कागद

२०२१ मध्ये लोकलच्या पासासाठी लसीचे दोन्ही डोस झालेले आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले लागत. कोविशील्ड लसीच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं, म्हणजे पहिला डोस ऑक्टोबरमध्ये घेणाऱ्याचा पास निघायला नवीन वर्ष उजाडणार होतं. घरात असं कोणी असेल तर त्याच्या नोकरीच्या ठिकाणी आधीच बोलून ठेवावं लागे.

लसीचं प्रमाणपत्र मोबाइलमध्ये असतंच, तरी त्याची एक छापील प्रत पर्समध्ये राहू द्या. मोबाइल नेमका खिडकीसमोर बंद पडतो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा. माझ्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गळालं होतं. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकाने आत शिरलं की नाव, जन्मसाल अशा चुका दुरुस्त करण्याची सोय होती. दोन्ही डोस झालेल्यांसाठीचा राज्य सरकारचा युनिव्हर्सल पासही त्याच मोबाइल क्रमांकावर निघे, स्वतःचा एक फोटो चढवावा लागे. अडचण येई ती लसीच्या वेळी मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर दिलेल्या वडीलधाऱ्यांना. तो नंबर कुणाचा, हे घरी बसून शोधा. रांगेत उभं राहून शोधायला गेलात तर मागचे लोक काय बोलतील ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी असेल तर तिचेही कागद काढा. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या लायसन्स, आरसी, परमिट अशा कागदांना केंद्राने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत सांभाळून घेतलं होतं. विम्याला मात्र ही सवलत नव्हती. उभ्या असलेल्या स्कूटरची बॅटरी, टायरची हवा आणि ब्रेक बघून घ्या, आणि सीट उचलून आत डोकावा. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन गाड्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या.

मग शरीर

घरून काम करताना आपण नऊला लॉगिन करायचं म्हणून पावणेनऊला उठत होतो. आता ७:४० ची गाडी पकडायची तर सहाला उठणं आलं. एकदम तीन तास मागे जाऊ नका. रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे या, साधारण दहा दिवस लागतात. झोपायची वेळही त्याच हिशेबाने अलीकडे आणा, नाहीतर चौथ्या दिवशी ठाण्याला उतरायचं असेल तर पुढच्या मुलुंड स्टेशनला जाग येईल.

याच दहा दिवसांत रोज संध्याकाळी ऑफिसचे बूट घालून अर्धा तास चाला. पाय फुगतात, बूट आखडतात, तळवे ठिसूळ होतात. हे सगळं घराजवळ कळलेलं बरं. बिल्डिंगचे जिने चढून पाहा, कारण स्टेशनचे पूल तेच काम करायला लावणार आहेत. ऑफिसचे कपडे घालून खुर्चीत बसूनही पाहा. माझे दोन ब्लाउज आणि नवऱ्याच्या चार पँटी या परीक्षेत नापास झाल्या.

ज्यांना करोना होऊन गेलाय त्यांनी या पायरीवर जास्त दिवस थांबावं. पहिल्या मजल्यावरच धाप लागत असेल, छाती धडधडत असेल, आदल्या दिवशी थोडं जास्त चालल्यावर दुसरा अख्खा दिवस अंथरुणात जात असेल, तर तो आळस नव्हे. डॉक्टरांना दाखवा आणि ऑफिसला तसं सांगा. छातीत दुखलं तर वाट बघू नका. जिमवाल्यांना तर हात जोडून सांगते, आधी तपासून घ्या, वजनं कुठे पळून जात नाहीत.

रंगीत तालीम

कामावर रुजू व्हायच्या आधी एकदा रिकाम्या वेळेला तोच प्रवास करा. दुपारी बाराची गाडी, तीच फलाटाची बाजू, ऑफिसच्या दारापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. मी केली तेव्हा तीन गोष्टी कळल्या. माझी नेहमीची चहाची टपरी आता नव्हती, तिच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. शेअर रिक्षाची रांग दुसरीकडे गेली होती. आणि चष्मा घालून मास्क लावला की जिना उतरताना पायरी दिसत नाही. मास्कची तार नाकावर नीट दाबली आणि चष्मा मास्कच्या वर बसवला की वाफ बरीच कमी होते. एक जादा मास्क कागदी पाकिटात ठेवा. घामाने ओला झालेला मास्क दिवसभर लावून उपयोग नसतो.

गर्दीत घाबरायला झालं तर पुढच्या स्टेशनला उतरून बाकावर बसायला लाज वाटू देऊ नका. पुढची गाडी येतेच. दीड वर्ष कुणाचा खांदा लागला नाही आणि अचानक चारी बाजूंनी खांदे लागले की कुणालाही कसंतरी होतं. माझ्या डब्यातल्या, पंचवीस वर्षं फर्स्ट क्लासच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या एका बाई पहिल्या दिवशी मधल्या दिवा स्टेशनला उतरून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दाराशी होत्या.

ऑफिसात पोचल्यावर सॅनिटायझरच्या बाटल्या मोजण्यापेक्षा खिडक्या मोजा. हा विषाणू हवेतून पसरतो, बंद एसी खोलीत जास्त. खिडकीजवळची जागा मागा, आणि डबा खाताना, म्हणजे सगळ्यांचे मास्क उतरतात तेव्हा, एका टेबलाभोवती आठ जणी बसू नका. हे मला सगळ्यात जड गेलं. डब्यातली भाजी वाटून खाण्यासाठीच तर आपण ऑफिसला जातो.

मुलं

४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या त्या शहरात आठवी ते बारावी, गावांत पाचवीपासून पुढे. मार्च २०२० मध्ये मुंबईत सहावीत असलेलं मूल तेव्हा थेट आठवीच्या वर्गात पाऊल टाकत होतं. माझा भाचा मुलुंडला त्यातलाच. गणवेश चार इंच आखूड, आवाज फुटलेला, आणि तीन तास सलग बाकावर बसायची सवय पूर्ण गेलेली. त्याच्या आईने एक चांगलं केलं: शाळा सुरू व्हायच्या आधी रोज एक पान हाताने लिहून घेतलं. टाइप करून करून बोटं लिहायची विसरली होती, अर्ध्या पानात दुखायला लागत.

पालकांचं संमतिपत्र द्यावं लागे आणि हजेरीची सक्ती नव्हती. मूल बिचकत असेल तर पहिल्या आठवड्यात “आज काय शिकवलं?” विचारू नका. “कुणाशेजारी बसलास?” एवढं पुरे.

राहून गेलेल्या भेटी

आता जे मला खरं म्हणजे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. बाजार, हॉटेल, मॉल यांच्या आधी एक यादी करा: या दीड वर्षात ज्या घरात माणूस गेलं आणि आपण गेलो नाही, त्या घरांची. अंत्यविधीला वीस जणांची मर्यादा होती. कित्येकांना तेवढेही मिळाले नाहीत. दहावं-तेरावं झालं नाही, कुणी दारात येऊन बसलं नाही, शेजारणीने पिठलं-भात पाठवला नाही. व्हॉट्सॲपवर हात जोडलेले लोक येऊन गेले, त्यात मीही होते.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे यजमान एप्रिलमध्ये गेले. मी ऑगस्टपर्यंत गेले नाही. आधी बंदी म्हणून, मग इतका उशीर झाल्यावर काय तोंड दाखवायचं म्हणून. शेवटी गेले तेव्हा ती म्हणाली, “तू आलीस म्हणून आज पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगता आलं.” उशीर झाला तरी जावं, एवढं त्यावरून शिकले. कसं जायचं, ते सांगते.

आधी फोन करा आणि वेळ विचारा. “येऊ का?” असं विचारलं की लोक संकोचाने “कशाला त्रास” म्हणतात. “रविवारी चारला येते, अर्धा तास बसेन, चालेल ना?” असं विचारा. दोघांहून जास्त जण जाऊ नका. दोन खिडक्या उघडून बसा, मास्क राहू द्या, आणि रडू आलं तर तो काढायची गरज नाही, बदलायला दुसरा आहे.

गेल्यावर उशिराबद्दल एक वाक्य बोला आणि तिथेच थांबा: “तेव्हा येता आलं नाही, मनात राहून गेलं होतं.” स्वतःच्या अडचणी पुढे सांगत बसलात तर त्यांनाच तुमची समजूत घालावी लागते. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, आणि त्या घराला तेच तर ऐकायचं असतं. कोणतं हॉस्पिटल, ऑक्सिजन मिळाला होता का, लस घेतली होती का, हे विचारू नका. त्यांनी सांगितलं तर ऐका, पण “अमुक केलं असतं तर” हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. तुम्हाला त्या माणसाची एखादी छोटी आठवण असेल तर सांगा. मी मैत्रिणीच्या यजमानांच्या हातच्या फोडणीच्या जाड पोह्यांची सांगितली. ती हसली, मग रडली, मग पोहे करायला उठली.

२०२१ ची दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. दुःख झालेल्या घरी आपल्याकडे पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी नेऊन देतात. त्या वर्षी अशी घरं खूप होती; अशा वेळी एक डबा जास्तीचा धरा. शेव-चकली आधीच पोचवा, सणाच्या दिवशी गर्दी करू नका.

आणि कागदांची मदत विचारा. करोनाने गेलेल्यांच्या कुटुंबाला ५० हजार रुपये देण्याच्या नियमावलीला सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला मान्यता दिली. मृत्यूचा दाखला, चाचणीचा रिपोर्ट, हॉस्पिटलची कागदपत्रं एका फायलीत लावून ठेवायला बसा सोबत. बँकेतलं नाव बदलणं, गॅसचं कनेक्शन, सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट, ही कामं एकट्याने करताना प्रत्येक खिडकीवर तेच वाक्य नव्याने उच्चारावं लागतं. बरोबर कुणी असलं तर ते वाक्य तुम्ही बोलू शकता.

नाही म्हणायची सोय

लग्नं, बारशी, गृहप्रवेश, तुंबलेलं सगळं निर्बंध उठल्यावर एकदम येतं. घरात ऐंशीच्या सासूबाई असतील किंवा मुलाला लस नसेल, तर नाही म्हणा, आणि लवकर म्हणा. “बघू, जमलं तर” म्हणून ताटाचा हिशेब अडकवू नका. “यंदा दुरूनच आशीर्वाद, पुढच्या महिन्यात दोघांना गच्चीवर चहाला बोलावतो” म्हटलं की बहुतेक जण समजून घेतात. न समजणाऱ्या एक आत्या प्रत्येक घराण्यात असतात, त्यांना दिवाळीत साडी द्या.

दसऱ्याला सोनं देताना मिठी मारायची की नाही, यावर आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चालला. माझा उपाय: आपट्याचं पान पुढे केलेल्या हातावर ठेवा, समोरच्याने हात पसरले तर ठरवा. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला हरकत नाही, तोंडं निदान एकमेकांसमोर येत नाहीत.

कामाच्या ताईंना परत बोलावताना त्यांच्या लसीची चौकशी करण्याआधी त्यांच्या घरी सगळे बरे आहेत का, हे विचारा. मधल्या महिन्यांचे पैसे दिले नसतील तर तोही विषय तुम्हीच काढा, त्यांना काढायला लावू नका.

२२ ऑक्टोबरला नाटकाला जायचं का, असं नवऱ्याने विचारलं. नाट्यगृहात तेव्हा निम्म्याच खुर्च्या भरणार होत्या, म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी असेल आणि पर्स मांडीवर धरायला लागणार नाही. हो म्हटलं. त्या आठवड्यात दुसरं काही ठरवलेलं नव्हतं. नवे बूट घेतले होते, ते रोज संध्याकाळी घालून फिरत होते.