नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता कसा मिळवावा, आणि पैसे अडकले तर काय करावं

पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय' म्हणून जी थोडी रक्कम कापली जाते ती औषधपाण्याची, एवढंच बहुतेक कामगारांना ठाऊक असतं. त्याच कपातीवर, नोकरी गेली तर तीन महिन्यांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मे पैसेही मिळू शकतात. कंपनीतला एचआर हे सहसा सांगत नाही आणि ठेकेदार तर नाहीच नाही.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजे ईएसआयसीने, ती १ जुलै २०१८ पासून सुरू केली. तेव्हा भत्ता २५ टक्के होता आणि अर्जासाठी ९० दिवस थांबावं लागायचं. २४ मार्च २०२० पासून भत्ता ५० टक्के झाला आणि थांबण्याचे दिवस ३० वर आले. ही योजना कायमची नाही, तिची मुदत वाढवत नेली जाते. ३० जून २०२४ ला संपणारी मुदत पुढे ३० जून २०२६ पर्यंत वाढवली होती. त्यामुळे ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी योजना चालू आहे ना, हे शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या.

अर्ज भरणं हे यातलं सोपं काम आहे. पैसे अडतात ते बहुतेक वेळा तुमच्या नावापुढे ईएसआयसीच्या पोर्टलवर काय नोंदवलेलं आहे त्यावर. म्हणून अर्जाआधीचे ते ३० दिवस नोंदी दुरुस्त करून घेण्यात घालवा.

पात्र आहात का, ते आधी पाहा

मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार ईएसआयच्या कक्षेत येतात (दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,००० आहे). पगारातून ०.७५ टक्के तुमचे जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो; या भरण्याला अंशदान म्हणतात. भत्त्यासाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेल्या, नोकरीत असायला हवं. शिवाय ७८ दिवसांची अट आहे, आणि गोंधळ होतो तो इथेच.

ईएसआयचं वर्ष दोन अंशदान कालावधींत विभागलेलं असतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. समजा, तुमची नोकरी १० फेब्रुवारी २०२६ ला गेली. तर त्याच्या लगेच आधीचा पूर्ण कालावधी एप्रिल ते सप्टेंबर २०२५. त्यात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं. त्याच्या मागचे जे तीन कालावधी, त्यांपैकी निदान एकात पुन्हा ७८ दिवस हवेत. बस, एवढंच.

गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, वयोमानाने निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना भत्ता नाही. दोन ठिकाणी काम असेल आणि एकच सुटलं असेल, तरीही तुम्ही बेरोजगार धरले जात नाही. आयुष्यात एकूण ९० दिवसांचाच भत्ता मिळतो.

एक सावधगिरी. काम कमी झालं की अनेक ठिकाणी कामगारांना बोलावून 'वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे' असं छापील कागदावर लिहून घेतात, आणि त्याशिवाय हिशेब देणार नाही म्हणतात. काम नसल्यामुळे काढलं असेल तर तशा कागदावर सही करू नका. फार दबाव आला तर निदान 'कंपनीत काम नसल्यामुळे' एवढे शब्द तरी घालून घ्या. प्रश्न फक्त या भत्त्याचा नाही. कामगार-कपातीत काढलेल्या पात्र कामगाराला सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते, आणि 'स्वखुशीने राजीनामा' या एका वाक्यामुळे तिच्यावरही पाणी सोडावं लागतं.

किती पैसे मिळतील

मागच्या चार अंशदान कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई घ्यायची, तिला ७३० ने भागायचं आणि आलेल्या आकड्याचा निम्मा घ्यायचा. हा झाला एका दिवसाचा भत्ता. महिना १८,००० पगार असेल आणि दोन्ही वर्षं पूर्ण भरली असतील, तर एकूण कमाई ४,३२,००० होते. रोजची सरासरी ५९१ रुपये ७८ पैसे, त्याच्या निम्मे साधारण २९६ रुपये. तीस दिवसांचे ८,८७७ आणि नव्वद दिवसांचे सुमारे २६,६३०.

भाजक नेहमी ७३०च राहतो, हे लक्षात ठेवा. मध्ये बिनपगारी रजा झाली असेल किंवा मालकाने दिवस कमी दाखवले असतील, तर कमाई घटते पण भागायचा आकडा तोच. त्याच कामगाराची नोंदलेली कमाई ४,००,००० निघाली तर नव्वद दिवसांचे सुमारे २४,६५७ होतात. आकडा कमी दिसला की बाबूने चूक केली असं लगेच समजू नका. आधी तुमच्या स्लिपांची बेरीज आणि पोर्टलवरची बेरीज जुळते का ते पाहा.

पहिल्या ३० दिवसांत करायची कामं

ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा. दहा अंकी विमा क्रमांक ईएसआयच्या ओळखपत्रावर, म्हणजे पहचान कार्डावर, असतो. नोंदवलेला मोबाईल बंद झाला असेल तर ओटीपी येणार नाही. मग सगळ्यात आधी शाखा कार्यालयात जाऊन नंबर बदलून घ्या.

आत गेल्यावर अंशदानाचा तपशील उघडा आणि एकेका महिन्याची ओळ वाचा: किती दिवस दाखवलेत, किती मजुरी दाखवली आहे. मालकाने एका महिन्याचं अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. स्लिपवर कपात आहे पण पोर्टलवर तो महिनाच नाही, असं दिसलं तर त्या महिन्याची स्लिप आणि बँकेत पगार जमा झाल्याची नोंद काढून ठेवा. तुमचे पैसे कापून न भरणं हा मालकाचा गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करायला हेच दोन कागद लागतात.

मग शेवटचा महिना. दिवस शून्य असतील तर मालकाला त्याचं कारण यादीतून निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार-कपात, काम नाही वगैरे. ठेकेदाराकडचा मुलगा घाईत 'रजेवर' निवडतो आणि पुढे जातो. नोंदीप्रमाणे मग तुम्ही अजून कामावरच असता, आणि बेरोजगारीचा दावा तिथेच अडकतो. 'निवृत्त' पडलं तर आणखी वाईट. शेवटचा कामाचा दिवस आणि कारण बरोबर भरून द्या, असा निरोप कंपनीला ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर पाठवा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो.

चाकण, रांजणगाव, तळोजा, वाळूज अशा पट्ट्यांत दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, कामगार आणि मशीन तेच राहतात. नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक विचारत नाही, नवाच काढतो. अशाने एका माणसाचे दोन-तीन क्रमांक होतात आणि दोन वर्षांची नोकरी कागदावर तुकड्यांत विभागली जाते. सगळे क्रमांक, आधार आणि प्रत्येक ठेकेदाराकडची एखादी स्लिप घेऊन शाखा कार्यालयात ते एकत्र करून देण्याचा अर्ज द्या. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात हाती घ्या.

नाव हीसुद्धा आपल्याकडची जुनी डोकेदुखी. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आधार बदललं पण ईएसआय कार्डावर माहेरचंच नाव. आधार, बँक आणि ईएसआय या तिन्हींत नाव आणि जन्मतारीख सारखी करून घ्या, आणि आधार व बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं आहे याची खात्री करा.

बँक खात्याचा आयएफएससी कोडही तपासा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत आणि त्याच वेळी आंध्रा व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. पोर्टलवर अजून जुना कोड पडलेला असेल तर मंजूर झालेली रक्कम परत जाते. खातं बरेच महिने न वापरल्याने निष्क्रिय झालं असेल तर शंभर रुपयांचा व्यवहार आणि केवायसी करून ते आधी जागं करा.

अर्ज

३० दिवस उलटले की त्याच लॉगिनमध्ये योजनेच्या नावाखाली दावा भरायचा. आधारची प्रत आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून जोडायचं. अपलोड होत नसेल तर दाव्याची छापील प्रत काढून, सही करून, कागदांसह शाखा कार्यालयात द्यायची. पूर्वी २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं. ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली. कुणी अजून त्यासाठी पाचशे रुपये मागत असेल तर त्याचा हा धंदा आहे, एवढं समजा. मालकाच्या सहीसाठी हेलपाटे घालायचीही गरज नाही. दावा तुम्ही थेट करायचा, पडताळणी शाखा कार्यालय करतं.

पुढच्या दिवसांचा दावा आगाऊ करता येत नाही, घडून गेलेल्या दिवसांचाच होतो. मध्येच नोकरी लागली तर तोपर्यंतच्या दिवसांचे पैसे मिळतात. नवी नोकरी लपवू नका, कारण नवा मालक अंशदान भरतो तेव्हा ते त्याच पोर्टलवर दिसतं.

पैसे आले नाहीत तर

परिपूर्ण दावा मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे जमा व्हावेत, असं ईएसआयसीनेच ठरवलेलं आहे. तेवढे दिवस जाऊ द्या. मग आधी लॉगिनमध्ये दाव्याची स्थिती पाहा, कारण प्रत्येक स्थितीवर उपाय वेगळा. पडताळणी बाकी असेल तर अडचण बहुधा मालकाच्या बाजूला आहे. मंजूर दिसतंय पण पैसे नाहीत, तर बँकेची बाजू तपासा. नामंजूर असेल तर कारण लेखी मागा.

शाखा कार्यालयात नुसतं 'साहेब, माझं काय झालं?' विचारलं तर 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी दोन प्रती करून अर्ज द्या आणि एका प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. मजकूर एवढा पुरे:

'प्रति, शाखा व्यवस्थापक. माझा विमा क्रमांक अमुक. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली अमुक तारखेला केलेला माझा दावा, क्रमांक अमुक, अद्याप प्रलंबित आहे. शेवटचा कामाचा दिवस अमुक. दावा कोणत्या कारणासाठी थांबला आहे, कोणता कागद कमी आहे आणि मालकाकडे पडताळणीसाठी कोणत्या तारखेला विचारणा केली, हे लेखी कळवावे. सोबत आधार, पासबुक व अमुक महिन्यांच्या पगार स्लिपा जोडल्या आहेत.'

असा अर्ज फाईलला लागला की त्यावर काहीतरी शेरा मारावाच लागतो. त्यानेही हाललं नाही तर ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. दर महिन्याला 'सुविधा समागम' नावाची तक्रार बैठकही असते. तिथे शिक्क्याची प्रत घेऊन जा, मोकळ्या हाताने जाऊ नका. फोनपेक्षा मला ही बैठक जास्त कामाची वाटते, कारण समोर निर्णय घेऊ शकणारा अधिकारी असतो.

त्यानंतर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल. २०२४ पासून तिथल्या तक्रारींचा निपटारा २१ दिवसांत करायचा आहे. 'तक्रार निकाली' असा शेरा आला आणि पैसे आले नसतील, तर अपील करा. समांतर माहिती अधिकारात दहा रुपये भरून आपल्याच दाव्यावरचे शेरे आणि मालकाशी झालेला पत्रव्यवहार मागता येतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. शेवटचा मार्ग कर्मचारी विमा न्यायालयाचा. तिथे जाण्याआधी कामगार संघटनेच्या माणसाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कागद दाखवून घ्या.

पीएफचे पैसेही अशाच कारणांनी अडतात: मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नसते. शेवटच्या अंशदानानंतर दोन महिने झाले की ती तारीख तुम्ही स्वतः पीएफच्या सदस्य पोर्टलवर आधार ओटीपीने टाकू शकता.

कारखाना बंद पडला असेल किंवा कायदेशीर कपातीत नोकरी गेली असेल, तर अटल योजनेकडे जाण्याआधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. २००५ पासूनच्या या योजनेत भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पहिल्या वर्षी ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. नव्वद दिवस कुठे आणि चोवीस महिने कुठे! मात्र कारखाना बंद झाल्याचा किंवा कपातीचा पक्का कागद लागतो, म्हणून गेटवर लावलेल्या नोटिशीचाही फोटो काढून ठेवा.

आणि दवाखाना लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचार मिळतात; ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरले तर जुलै ते डिसेंबरमध्ये. घरात कुणाचं ऑपरेशन किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर हे दिवस मोजून ठेवा. नवी नोकरी लागली की हजर होण्याच्या दिवशीच जुना विमा क्रमांक लिहून द्या, नाहीतर नवा ठेकेदार पुन्हा नवाच क्रमांक काढेल.