खरीप सल्ला : फवारणी पंप आणि पॉवर वीडरचं ऑइल

वाफसा आला की सोयाबीन-कपाशीची कोळपणी आणि फवारणी एकदमच अंगावर येते. कोपऱ्यात पडलेली इंजिनं ऑइल न पाहता शेतात नेली, तर ऐन कामात बंद पडतात.

पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपात इंजिनचं वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलात मिसळलेलं टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइलच क्रँकच्या बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत पोचतं. नुसतं पेट्रोल भरून चालवला, तर सिलिंडरवर ओरखडे पडून पिस्टन जाम होतो. मग खर्च नव्या पंपाच्या जवळपास जातो.

प्रमाण पुस्तिकेत पाहा. 25:1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. अंदाजपंचे ओतू नका. मेडिकलमधली 20 मिलीची सिरिंज यासाठी झकास. मिश्रण कॅनमध्ये हलवून मगच टाकीत भरा. 'चार थेंब जास्त बरे' हा समजही सोडा. जादा ऑइलने धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरचं तोंड काजळीने बुजतं. आठ-पंधरा दिवस पुरेल एवढंच बनवा. इथेनॉलचं पेट्रोल पावसाळी हवेतली ओल ओढतं.

पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, बहुधा फोर-स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलात टूटी मिसळायचं नाही. ऑइल खाली क्रँककेसमध्ये असतं. बहुतेक छोट्या इंजिनांत ऑइलपंप नसतो. कनेक्टिंग रॉडचा चमचा तेल उडवतो, त्यावरच सगळं चालतं. पातळी घटली किंवा यंत्र उतारावर बराच वेळ कललेलं राहिलं, की चमचा कोरडा फिरतो. म्हणून रोज सकाळी, इंजिन थंड आणि सपाट जागी असताना ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहा. 7 एचपीच्या पेट्रोल इंजिनात साधारण 600 मिली ऑइल बसतं, बहुधा 10डब्ल्यू-30 ग्रेडचं. नक्की आकडा पुस्तिकेतला धरा. खुणेच्या वर भरलं तर धूर, एअर फिल्टरपर्यंत तेल. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

नव्या इंजिनचं पहिलं ऑइल सुमारे 20 तासांनी बदला, त्यात धातूचा कीस असतो. पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी. इंजिन कोमट असताना काढलं तर गाळही निघतो. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, ते विसरू नका.

पावसात खंड पडला की काळ्या रानात धूळ उडते. ती फिल्टरमधून आत गेली तर ताजं ऑइलही पिस्टनच्या रिंगा वाचवत नाही. असे दिवस असतील तर फोमचा फिल्टर रोज साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा आणि मगच बसवा. कागदी असेल तर धुवू नका, हलक्या हाताने झटका.