आउटबोर्ड पिकअप घेत नसेल तर कुठून सुरुवात करावी

1 जून ते 31 जुलै कोकण किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये छोटी फायबर बोट पाण्यात उतरते, जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेले इंजिन) चालू होते, आयडलिंगलाही व्यवस्थित चालते. खाडीच्या मुखाशी थ्रॉटल उघडला की मात्र इंजिन दबते, मिसिंग करते, कधी बंदच पडते. बहुतेक जण अशा वेळी आधी कार्ब्युरेटर खोलतात. ते काम शेवटी ठेवा. दोष बऱ्याचदा टाकी आणि इंजिन यांच्या मधेच असतो, आणि तो शोधायला पानाही लागत नाही.

इंजिन दबत असताना थ्रॉटल तसाच ताणू नका. प्री-मिक्सवर, म्हणजे आधीच ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर, चालणाऱ्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

पहिली पायरी, आवाज ऐका. इंजिन चढ्या आवाजात पळते पण बोट पुढे सरत नाही, तर पेट्रोलमागे लागू नका. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतला रबरी बुश घसरतो आहे किंवा पंखा हवा ओढतो आहे. आवाज चढतच नसेल तर इंजिन बंद करून, वर उचलून पंख्यात जाळ्याचा दोरा किंवा प्लास्टिक अडकले आहे का ते बघा. बोटीच्या तळाला शिंपल्यांचा थर बसला असेल तरी इंजिनावर असाच भार येतो.

दुसरी पायरी पेट्रोलची, आणि इथे घाई करू नका. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद राहिला तर टाकीत निर्वात तयार होतो. आयडलिंगला पुरेल एवढे पेट्रोल येते, जोराला पुरत नाही. मग शांत पाण्यात चाचणी घ्या. एकाने किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला अडकवून हँडल धरावे, दुसऱ्याने इंजिन दबू लागताच नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहावा. दाबल्यावर इंजिनाने उचल घेतली, तर पेट्रोल कमी पोचते आहे: फिल्टर तुंबला आहे, कुठून तरी हवा शिरते आहे किंवा फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) थकला आहे. बल्ब आपोआप चपटा होत असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. जुन्या नळीचे आतले अस्तर सुटून वाट अडवते. बाहेरून नळी धडधाकट दिसते, म्हणून ते लक्षात येत नाही.

टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पावसाळी हवेतला ओलावा धरते आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह खाली बसते. असे पेट्रोल वापरू नका. टाकी, नळी आणि फिल्टर रिकामे करून ताजे पेट्रोल भरा. ऑइल इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच घाला; 50:1 सांगितले असेल तर लिटरला 20 मिली. पेट्रोलजवळ विडी-सिगारेट अजिबात नको.

तिसरी पायरी, प्लग. इंजिन बंद करून सगळे प्लग काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. फिकट तपकिरी रंग ठीक. एखादाच ओला, काळा असेल तर तो सिलिंडर पेटत नाही. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन तापते आहे. नवा प्लग घालूनही गरम झाल्यावरच मिसिंग होत असेल तर प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तपासून घ्या.

आता कार्ब्युरेटर. इंजिन दबताना क्षणभर थोडा चोक ओढून सुधारणा दिसली तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोक) चोंदला असण्याची शक्यता मोठी. जेट तारेने खरवडू नका, त्याचे भोक मोठे होते. क्लीनर आणि हवेचा दाब वापरा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी बोट पाण्यात चालवूनच बघा. भाराशिवाय हा दोष सहसा दिसत नाही, आणि कोरडे चालवले तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. एवढे करूनही फरक नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. सिलिंडरांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर इंजिन खोलावेच लागेल, आणि तोवर त्याच्या भरवशावर समुद्रात जाऊ नका.