टाकीचं झाकण आणि कुंभारीण माशी

काटोल रोडवरच्या आमच्या संत्र्याच्या बागेत १८ एचपीचा, तीन सिलिंडरचा जुना छोटा ट्रॅक्टर आहे. हौस म्हणून मीच तो दुरुस्त करून उभा केला. मे महिन्यात त्यानं नवंच नाटक सुरू केलं: सकाळी झटक्यात स्टार्ट, आणि दोन ओळी वखरून झाल्या की गचके देत बंद. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा चालू.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, डिझेलचा पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमाप जुळवून घ्यायला, पाठवा." पण पंप उतरवण्याआधी मी टाकीपासूनची डिझेलची वाट तपासायची ठरवली. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल केलं, तर 'फुस्स' करून हवा आत गेली. सापडलं! झाकणाला हवा जायला बारीक छिद्र असतं, ते कुंभारीण माशीनं चिखलानं पक्कं लिंपलं होतं. डिझेल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि डिझेल ओढलंच जात नाही.

छिद्र बारीक तारेनं मोकळं केलं, झाकण डिझेलमध्ये धुतलं. फिल्टरही बदलला, तळाशी गंजाचा गाळ होताच. मग फिल्टर बदलताना आत शिरलेली एअर काढली: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. स्क्रूखालचा तांब्याचा वॉशर नवाच टाका. दबलेल्या वॉशरमधून पुन्हा हवा शिरते.

आता दुपारपर्यंत न थांबता वखरतो. पंप जागेवरच आहे.